आख्यायिका : ख्याती आणि इतिहास यांच्यामधला शब्द

‘अशी आख्यायिका आहे’ या तीन शब्दांपाशी आमच्या सीमाभागातील कितीतरी चर्चा अडतात. सांगणारा अभिमानाने सांगतो. ऐकणारा ‘म्हणजे खोटेच ना?’ असे विचारून मोकळा होतो. म्हणून या शब्दाची वाटचाल एकदा नीट पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘ख्या’ या संस्कृत धातूपासून ख्याती, विख्यात, आख्यान आणि आख्यायिका हे शब्द झाले. लोक ज्याच्याविषयी सांगतात तो विख्यात. जे सांगतात ते आख्यान. कीर्तनकार उत्तररंगात लावतो, तेच हे आख्यान. कीर्ती आणि कथा अशा एकाच कुळातल्या आहेत.

प्राचीनांनी आख्यायिकेला खोटे मानलेले नाही. अमरकोशात आख्यायिका म्हणजे जिचा विषय ज्ञात आहे अशी रचना, आणि कथा म्हणजे कल्पनेने रचलेली. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ ही आख्यायिका, कारण सातव्या शतकातील हर्ष राजा प्रत्यक्ष होऊन गेला; त्याचीच ‘कादंबरी’ ही मात्र कथा. दंडीने हा भेद मानला नाही; जात एकच, नावे दोन, असे त्याचे मत. मराठीत तर अर्थ पुरता उलटला. घडलेल्या गोष्टीचे नाव पुराव्यावाचून चालत आलेल्या गोष्टीला चिकटले. इकडे ‘कादंबरी’ मराठीत आणि कन्नडातही एका साहित्यप्रकाराचे नाव झाली. ‘दंतकथा’ हा शब्दही दोन्ही भाषांचा. सीमेचा वाद शब्दांना ठाऊक नसतो.

आता आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. दक्षिण दिग्विजयाहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याला बैलहोंगल भागातील बेलवडीच्या देसाईणीने कडवा प्रतिकार केला. 1678 मधील इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात एका देसाईणीच्या अशा प्रतिकाराची नोंद आहे. हा इतिहास. मराठी परंपरा तिला सावित्रीबाई म्हणते, कन्नड परंपरा मल्लम्मा. महाराजांनी तिला सन्मानाने वागवले, ही गोष्ट दोन्हीकडे रंगवून सांगितली जाते. धारवाडजवळच्या यादवाड येथील शिल्पाशीही ती जोडली जाते. ही आख्यायिका.

आम्हीही तरुणपणी सभांतून ही गोष्ट इतिहास म्हणूनच सांगत असू. वकिलीने पुढे शिकवले, की ऐकीव साक्षीवर दावा उभा करू नये. प्रतिपक्षाने तिचा एक तपशील पाडला, की त्याबरोबर आपला खरा दस्तऐवजही संशयात सापडतो. परंतु ऐकीव म्हणून ती निरर्थकही ठरत नाही. घटनेचा पुरावा ती देत नसेल, पण लोकांनी काय जपले याचा पुरावा ती निश्चित देते. शत्रूच्या शौर्याचा मान राखणारा राजा आणि राजापुढे न नमणारी स्त्री, या दोघांची आठवण दोन भाषांनी जपली, हे थोडे नव्हे.

यास्तव आमची विनंती एवढीच : जेथे कागद आहे तेथे ‘नोंद आहे’ म्हणावे, जेथे नाही तेथे ‘आख्यायिका आहे’ असे निःसंकोच म्हणावे. तसे म्हणण्याने ख्याती उणावत नाही, आणि आपल्या शब्दाची पत राहते. न्याय मागणाऱ्याजवळ याहून मोठे भांडवल नसते.