ऐकू न येणारी तीन अक्षरं

अकरावीला मी फ्रेंच घेतलं त्यामागे साहित्यप्रेम वगैरे काही नव्हतं. 'स्कोअरिंग आहे' असं सगळे म्हणत होते, म्हणून घेतलं. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक तक्ता आला. क्रियापद 'शाँते', म्हणजे गाणं. त्याखाली मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा रूपं. बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली: झ शाँत, त्यू शाँत, इल शाँत, नू शाँतों, वू शाँते, इल शाँत. ऐकून बरं वाटलं. सहापैकी चार रूपं एकसारखी, म्हणजे पाठांतर कमी.

मग वहीत उतरवायला घेतलं. 'मी' आणि 'तो' यांच्या रूपाला शेवटी ई. 'तू'च्या रूपाला ई-एस. 'ते'च्या रूपाला ई-एन-टी. ई-एन-टी म्हटलं की आपल्याला कान-नाक-घशाचे डॉक्टर आठवतात; इथे मात्र ही तीन अक्षरं कुणाच्या कानालाच लागत नाहीत. तोंडाने म्हणायची नाहीत, पण लिहिली नाहीत तर चूक. पहिल्या चाचणीत माझे बरेचसे मार्क या मुक्या अक्षरांनी खाल्ले. 'म्हणत नाही तर लिहिता कशाला?' हा प्रश्न मी वर्गात विचारला नाही. विचारायला हवा होता, कारण फ्रेंच लोक स्वतः तो साडेचारशे वर्षांहून जास्त काळ विचारत आहेत.

आपण म्हणतो, ते गिळतात

फ्रेंच ही लॅटिनची लेक. 'गाणं' या क्रियापदाची लॅटिन रूपं अशी होती: कान्तो, कान्तास, कान्तात, कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त. सहाही वेगळी आणि सहाही स्पष्ट ऐकू येणारी. 'कान्तास' म्हटलं की 'तू' म्हणायची गरज नाही. मराठीत 'गातोस' म्हटलं की जशी पडत नाही, तशीच.

पुढच्या हजारेक वर्षांत शब्दांचे शेवट झिजले. आधी स्वर मंदावले, मग शेवटची व्यंजनं बोलण्यातून गळत गेली. कर्ता कोण हे क्रियापदाच्या शेवटावरून कळेनासं झालं आणि त्याच सुमारास 'मी', 'तू', 'तो' हे शब्द वाक्यात लावणं सक्तीचं होत गेलं. कागदावर मात्र जुने शेवट राहिले. काही तर नंतर चिकटले: 'मी'च्या रूपाचा तो ई जुन्या फ्रेंचमध्ये नव्हताच, तो इतर रूपांच्या देखादेखी आला.

आता मराठी माणसासाठी गंमत. लॅटिन आणि संस्कृत एकाच मोठ्या कुळातल्या. 'कान्तास'मधला 'स' आणि संस्कृत 'गायसि'मधला 'सि' हे चुलतभाऊ. 'कान्तान्त'मधला 'न्त' आणि 'गायन्ति'मधला 'न्ति' हेही तसेच. तो 'सि' झिजत झिजत आपल्या 'तू गातोस'मध्ये येऊन बसलाय, आणि 'न्ति'चा उरलेला 'त' आपल्या 'आहेत' आणि 'गातात'च्या शेवटी. म्हणजे जी अक्षरं फ्रेंच माणूस लिहितो आणि गिळून टाकतो, त्यांचीच भावंडं आपण रोज चहाच्या टपरीवर खणखणीत उच्चारतो.

तक्ता आधी परक्यांसाठी झाला

असे तक्ते मुळात कुणासाठी बनले? मला वाटायचं, फ्रान्समधल्या मुलांसाठी. पण फ्रेंच शिकवण्याची सगळ्यात जुनी साधनं इंग्लंडमध्ये सापडतात.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्टकचेरी, जमीनदारी यांत फ्रेंच आली. पण दोनशे वर्षांत तिथल्या उमरावांच्या घरी मुलं पाळण्यात इंग्रजीच ऐकू लागली. फ्रेंच मुद्दाम शिकवायची भाषा झाली. १३ व्या शतकात वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ नावाच्या सरदाराने दियोनिसिया या उमराव बाईंसाठी एक पद्यमय पुस्तक लिहिलं, मुलांना फ्रेंच शब्द शिकवता यावेत म्हणून. सुरुवात बाळाच्या जन्मापासून आणि शरीराच्या अवयवांपासून. पुढे शेत, स्वयंपाक, जनावरं. फ्रेंच ओळींच्या मधे बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ.

त्यात लिंगाची अडचणही आहे. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या लावून वॉल्टर सांगतो की 'ला' लावलं तर ओठ, 'ल' लावलं तर ससा. 'ला' लावलं तर पौंड, 'ल' लावलं तर पुस्तक. यातली दुसरी जोडी आजही तशीच आहे: 'ल लिव्र' म्हणजे पुस्तक, 'ला लिव्र' म्हणजे पौंड. आपण अकरावीत ज्यावर अडखळतो, त्याच दगडावर सातशे वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली उमराव पोरं अडखळत होती.

पुढे १५ व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्येच जॉन बार्टन याने फ्रेंचचं एक छोटं व्याकरण तयार करवून घेतलं. त्याचं नाव 'दोने फ्राँस्वा', म्हणजे 'फ्रेंच डोनाटस'. डोनाटस हा ४ थ्या शतकातला रोमन शिक्षक. त्याची लॅटिनची बाळबोध पोथी युरोपभर इतकी घोकली गेली की 'डोनाटस' म्हणजेच व्याकरण असं समीकरण झालं. १५३० साली जॉन पाल्सग्रेव्हचं फ्रेंच भाषेवरचं जाडजूड पुस्तक आलं, तेही इंग्रजीत लिहिलेलं. पाल्सग्रेव्ह हा आठव्या हेन्रीच्या बहिणीचा, मेरीचा शिक्षक. १५१४ साली तिचं लग्न फ्रान्सच्या राजाशी झालं होतं. सासरची भाषा शिकणाऱ्या मुलीचा हा मास्तर.

फ्रेंच व्याकरणाला आपला साचा लॅटिनकडून मिळाला. पुरुषांचा क्रमही त्यातलाच: आधी मी, मग तू, मग तो. पाणिनीच्या परंपरेत क्रम उलटा आहे. तिथे 'प्रथम पुरुष' म्हणजे तो, आणि 'मी' सगळ्यात शेवटी, 'उत्तम पुरुष' म्हणून. तेव्हा हा तक्ता काही निसर्गनियम नाही. तो कुणीतरी, कुणाला तरी शिकवण्यासाठी, आखलेला आहे. आणि सुरुवातीला तो नवख्याच्या सोयीसाठी होता.

सोयीचं कुंपण झालं

१५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कोत्रे इथे हुकूम काढला की न्यायालयीन कागदपत्रं लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये असावीत. भाषेला वजन आलं. लगेच प्रश्न उभा राहिला, ती लिहायची कशी? १५५० मध्ये लुई मेग्रे याने फ्रेंच भाषेत लिहिलेलं फ्रेंचचं पहिलं व्याकरण छापलं, आणि तेही आपल्या नव्या लेखनपद्धतीत. त्याचं म्हणणं सरळ होतं: बोलतो तसं लिहू या, मुकी अक्षरं काढू या. पुस्तकाच्या नावातलं 'व्याकरण' आणि 'फ्रेंच' हे शब्दसुद्धा त्याने उच्चाराप्रमाणे छापले. वाद पेटला आणि मेग्रे हरला. छापखानेवाले, पंडित, कारकून सगळ्यांचे हात जुन्या वळणाला सरावलेले होते.

१६३५ मध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली. शब्दकोशाची तयारी सुरू असताना, १६७३ साली, अकादमीचा मेझरे लेखनाबद्दलचं धोरण मांडतो. आशय असा की जुनं लेखनच बरं, कारण त्यामुळे विद्वान माणसं अडाण्यांपासून आणि साध्या बायकांपासून वेगळी ओळखू येतात. हे वाचलं तेव्हा मला माझी चाचणीची वही आठवली. ती मुकी अक्षरं केवळ आळसाने राहिलेली नव्हती. कुणी कुठल्या पायरीवर बसायचं हे ठरवायला ती उपयोगी होती, म्हणूनही ती ठेवली गेली.

क्रांतीनंतर कुंपण आणखी मोठं झालं. १७९४ साली ग्रेग्वार या पाद्र्याने संसदेपुढे अहवाल ठेवला. किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येत नाही, जवळपास तितक्यांनाच तिच्यात धड संभाषण करता येत नाही, शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत. देशात ब्रेतों, ओक्सितां, बास्क, अल्सेशियन अशा कितीतरी भाषा होत्या. अहवालाचा उद्देश त्यांचा अभ्यास नव्हता. त्या नाहीशा करून सगळीकडे फ्रेंच कशी न्यावी, हा होता.

१८८१-८२ मध्ये ज्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. गरिबाचं पोर शाळेत गेलं, ही मोठीच गोष्ट. पण ब्रिटनी आणि दक्षिण फ्रान्समधल्या अनेक शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात किंवा हातात एक खूण दिली जाई. लाकडाचा तुकडा, जुना खडावा असं काहीतरी. ती उतरवायची तर दुसऱ्या मुलाला घरची भाषा बोलताना पकडायचं आणि खूण त्याच्याकडे द्यायची. दिवस संपताना ज्याच्याकडे ती राहील त्याला शिक्षा. क्रियापदांचे तेच तक्ते ही मुलंही घोकत होती. १८४२ साली बेशरेल बंधूंनी क्रियापदांच्या रूपांची पुस्तिका काढली; आजही फ्रान्समध्ये अशा पुस्तकाला लोक सरळ 'बेशरेल' म्हणतात.

आपल्याकडे काय झालं? जुनी मराठी पुस्तकं उघडा, 'नांव', 'घरांत', 'कांहीं' असे न उच्चारलेले अनुस्वार जागोजागी दिसतील. व्युत्पत्ती सांगायची तर त्यांच्यातल्या कित्येकांना अर्थ होता. १९६२ च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. मेग्रे जी लढाई हरला, तिचा एक छोटा भाग आपण जिंकलो. ऱ्हस्व-दीर्घावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड मात्र आपलीही गेलेली नाही.

पोळी खाल्ली, आंबा खाल्ला

फ्रेंच शिकणाऱ्याला सगळ्यात छळणारा नियम भूतकाळात येतो. 'मी सफरचंद खाल्लं' म्हणताना 'खाल्लं'चं रूप बदलत नाही. पण 'मी खाल्लेलं सफरचंद' अशा रचनेत सफरचंद आधी आलं, तर ते फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापदाला एक जादा ई लागतो. तोही अर्थातच मुका.

मूळ लॅटिन रचनेचा अर्थ होता 'माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे'. 'लिहिलेलं' हे पत्राचं विशेषण, म्हणून पत्राप्रमाणे बदलायचं. हळूहळू त्याचा अर्थ 'मी पत्र लिहिलंय' असा झाला, पण विशेषणाचा बदलता शेवट मागे राहिला. कधी बदलायचा, कधी नाही? १६ व्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने इटालियनचा दाखला देऊन सांगितलं: कर्म आधी आलं तर बदला. पुढच्या व्याकरणकारांनी ते पक्कं केलं. २०१८ साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी हा नियम सोडून द्यावा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा वर्तमानपत्रांत रण माजलं.

फ्रेंच मुलं या नियमाला रडतात. आपण? 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला.' खाणारी मीच, पण क्रियापद चालतं पोळीच्या आणि आंब्याच्या तालावर. कारण तेच: 'मया पत्रं लिखितम्' या संस्कृत रचनेतलं 'लिखितम्' हेही पत्राचंच विशेषण. 'ती गेली'मध्ये मात्र कर्त्याप्रमाणे रूप, आणि फ्रेंचमध्येही 'जाणं' या क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणेच बदलतं. दोन भाषांनी हजारो मैलांच्या अंतरावर सारखीच वाट धरली. मराठीच्या अशा घडणीचा मोठा शास्त्रीय अभ्यास एका फ्रेंच माणसाने, ज्यूल ब्लॉक यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये फ्रेंचमध्येच छापला गेला.

तेव्हा उद्या कुणी फ्रेंच सुरू करत असाल तर आधी कानाने शिका. बोलण्यात 'आम्ही'ऐवजी लोक सर्रास 'ओं' वापरतात आणि त्याचं रूप 'तो'सारखंच असतं. म्हणजे 'शाँत' आणि 'शाँते' एवढी दोनच रूपं आली तरी बोलणं चालू होतं. मुकी अक्षरं नंतर, लिहिताना शिका. ती चुकली म्हणून तुम्ही मठ्ठ ठरत नाही. ती तशी राहिली आहेत यामागे तुमचा दोष शून्य आहे.

माझी ती वही अजून आहे. 'ते गातात'समोर मी नुसताच ई लिहिला होता, त्यावर लाल काट. आता तिथे मी पेन्सिलीने तीन अक्षरं लिहून ठेवली आहेत, आणि शेजारी मराठीत: 'गातात'. त्यातला शेवटचा 'त' मोठ्याने म्हणून पाहा.