शिष्यानें काढलेली तसबीर

गुरुदक्षिणा म्हटली कीं आपणांस एकलव्याचा अंगठा आठवतो. ज्या हातानें विद्या मिळविली तो हातच निकामी करणारी ती दक्षिणा! पॅरिसमधील एका शिष्यानें आपल्या चित्रकलेच्या गुरूस अर्पण केलेली भेट नेमकी हिच्या उलट आहे.

सन १८७४ मध्यें जॉन सिंगर सार्जंट हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण कारोलस-द्युरां ह्यांच्या चित्रशाळेंत दाखल झाला. हे गुरुजी विद्यार्थ्यास रेखाटनांत फार काळ न अडकवितां थेट कुंचल्यानें छायाप्रकाश बसवावयास लावीत, आणि व्हेलास्केझचा अभ्यास करा म्हणून पुन्हांपुन्हां बजावीत. १८७७ त लक्झेंबुर्ग राजवाड्याच्या छतावरील चित्राच्या कामांत त्यांनीं सार्जंटला मदतीस घेतलें.

पुढें शिष्यानें गुरूचीच तसबीर रंगविली. गुरुजी किंचित् पुढें झुकून बसले आहेत. हातांत छडी, मनगटाशीं झालर, कोटावर सन्मानाची तांबडी फीत. स्वारीची ऐट मुळींच लपविलेली नाहीं. कृतज्ञतेनें शिष्याची दृष्टि मंद झाली नाहीं, हें मला ह्या चित्रांत सर्वांत मोलाचें वाटतें. वरच्या बाजूस फ्रेंच भाषेंत, प्रिय गुरूंस प्रेमळ शिष्याकडून, अशा अर्थाची ओळ रंगानेंच लिहिली आहे.

१८७९ च्या सरकारी प्रदर्शनांत चित्राचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला, आणि गिऱ्हाइकें तेवीस वर्षांच्या चित्रकाराकडे वळूं लागलीं. तसबिरी काढणें हाच गुरुजींचाहि व्यवसाय होता! सार्जंट मात्र त्याच वर्षीं माद्रिदला गेला आणि प्रादो संग्रहालयांत व्हेलास्केझच्या चित्रांच्या नकला करीत बसला.