हॉटपॉट : हा पोळ्यांचा डबा नव्हे!

हॉटपॉट म्हटलं की आपल्याला पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. आज लिहितोय ते चिनी हॉटपॉटबद्दल. टेबलाच्या मधोमध शेगडीवर उकळतं सूप ठेवायचं आणि भोवती बसलेल्यांनी मांस, मासे, भाज्या त्यात स्वतः शिजवून खायच्या. तुमच्यापैकी काहींनी तो हॉटेलात खाल्ला असेल, घरी इंडक्शनवर केलाही असेल.

तेराव्या शतकात, दक्षिण सुंग राजवटीत, लिन हुंग या लेखकाने वुयी पर्वतातल्या एका जेवणाचं वर्णन केलं आहे. बर्फ पडत होता, ससा मिळाला होता, पण रांधायला आचारी नव्हता. मग मांसाचे पातळ काप मसाल्यात मुरवले आणि ज्याने त्याने चॉपस्टिकने उकळत्या पाण्यात बुडवून खाल्ले. आचारी नाही म्हणून जेवणाराच आचारी झाला! पुढे १७९६ मध्ये छ्यानलुंग बादशहाने हजारो वृद्धांना मेजवानी दिली, तीही हॉटपॉटचीच.

लाल, झणझणीत प्रकार मात्र बराच नंतरचा, कारण मिरची मुळात अमेरिकेतली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली आणि चीनमध्येही त्याच शतकाच्या अखेरीस पोहोचली. चोंगचिंगच्या नदीकाठी नावाडी आणि हमाल स्वस्तातला वजरी-कोथळा मिरचीच्या रश्शात उकळून खात, तिथून हा प्रकार वर आला. त्यात जीभ बधिर करणारा जो सिचुआन मिरा असतो, तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद.

आता माझा मुद्दा. स्वयंपाक जेवणाऱ्याच्या हाती गेला की 'शिजलं का?' हेही त्यानेच ठरवायचं, आणि गप्पांच्या नादात ते राहून जातं. १८७४ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात डॉ. मॅककॉनेल यांना पित्तनलिकांमध्ये चपटे कृमी सापडले. हे कृमी गोड्या पाण्यातल्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशांतून पोटात जातात, वर्षानुवर्षे यकृतात राहतात आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाचं कारण ठरू शकतात. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातूनही गंभीर जंतुसंसर्ग होतो.

गेल्या दिवाळीत मुलीने घरी हॉटपॉट केला. ज्या चॉपस्टिकने कच्ची कोलंबी सोडायची तीच तोंडात! मी चिमटा आणायला उठलो तर म्हणाली, "बाबा, इथेही दवाखाना?" पण चिमटा आणलाच.

तर कच्च्याला वेगळा चिमटा ठेवा. फ्रीजमधलं मांस एकदम टाकलं की सूप थंडावतं. ते पुन्हा खळखळून उकळेपर्यंत थांबा, आणि वेळ तिथून मोजा. मांसाचा गुलाबी रंग पूर्ण गेला पाहिजे. आणि ज्यांना गाउट आहे त्यांनी शेवटी उरलेलं सूप पिऊ नये, कारण मांसातलं प्युरिन तोवर त्या पाण्यात उतरलेलं असतं. रक्तदाबवाल्यांनीही ते टाळावं, मीठ भरपूर असतं.