एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै

शंभर कलदार रुपये हवे असतील तर हालीचे किती मोजायचे? ११६ रुपये, १० आणे, ८ पै. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या हैदराबादी मराठी माणसाला हा आकडा पावकी-निमकीसारखा पाठ होता. सोपं करून सांगायचं तर सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली शिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा. ही दोन्ही नाणी एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर चालायची. गौलीगुड्यात हाली. तिथून चार पावलं टाकून सुलतान बाजारात गेलं की रेसिडेन्सीची हद्द. १९३३ मध्ये ती निजामाला परत मिळेपर्यंत तिथं इंग्रज रेसिडेंटचा अंमल, म्हणून व्यवहार कलदारात. सिकंदराबादच्या छावणीतही कलदारच. दोहोंच्या मधे सराफ बसलेला. तो नाणं बदलून द्यायचा आणि बट्टा कापून घ्यायचा.

माझा जन्म बँकेच्या नोकरीत गेला आणि बँकही अशी, की जिचा जन्मच हालीपोटी झालेला. १९४१ साली ‘हैदराबाद स्टेट बँक’ स्थापन झाली ती संस्थानाचं चलन आणि सरकारी खजिना सांभाळायला. पुढं तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मी लागलो तेव्हा हाली व्यवहारातून कधीच गेला होता, पण गनफौंड्रीच्या हेड ऑफिसात जुनी माणसं होती, त्यांच्या बोलण्यातून तो गेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी हटकून म्हणायचं, ‘हालीच्या जमान्यात...’ नव्या पोरांना त्याचा कंटाळा यायचा. मला कधी आला नाही.

एक हाली रुपया अजून माझ्याकडे आहे, आजीच्या ट्रंकेतला. चांदीचा. दर्शनी बाजूला चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत बारीकसं एक उर्दू अक्षर, ‘ऐन’. उस्मान अलींचं आद्याक्षर. त्यांचे वडील महबूब अलींच्या नाण्यावर तिथंच ‘मीम’ असे. म्हणजे राजा बदलला, चारमिनार तोच, फक्त दारातलं अक्षर बदललं. नोटा आल्या त्या १९१८ साली, पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून. त्यांवर किंमत उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे. राज्यकारभार उर्दूत करणाऱ्या सरकारनं नोटेवर तरी आपली लिपी ठेवली याचं आमच्या घरात कौतुक होतं.

पण या हालीलासुद्धा आधी विरोध झालेला असणार, हे डबा खाताना कुणी बोलत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजामाच्या मुलखात नाणी पाडणाऱ्या टांकसाळी अनेक होत्या आणि प्रत्येक टापूचं चलन वेगळं. नाणी जितकी जास्त तितका सराफाचा बट्टा जास्त. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले. वय अवघं २४, तिजोरीत खडखडाट, वसुली सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे मक्त्यानं दिलेली. त्यांनी मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले, इतर टांकसाळी बंद करत एकच सरकारी नाणं आणलं. १८५७ नंतर त्यावरून दिल्लीच्या बादशहाचं नावही गेलं. बट्ट्यावर जगणाऱ्यांना आणि मक्त्यावर पोसलेल्यांना हे गोड लागलं असेल असं मला वाटत नाही. गावोगाव हिशेब चुकता करणाऱ्या रयतेला मात्र एकच नाणं सोयीचं होतं.

याच सालारजंगांनी कारभार चालवायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. झालं, ‘मुलकी’ म्हणजे इथले आणि ‘गैरमुलकी’ म्हणजे बाहेरचे, हे भांडण सुरू झालं ते इथून. सरकारी भाषा मात्र त्यांच्या हयातीत फारसीच राहिली. तिच्या जागी उर्दू आली ती ते गेल्यावर, १८८० च्या दशकात. आज हैदराबादचा आत्मा वगैरे म्हणून उर्दूचं नाव घेतलं जातं, ती सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कचेरीत बाहेरून आलेल्या मुनशांची भाषा म्हणून नाकं मुरडण्याचा विषय होती.

आता १९४८ कडे येतो. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात जैसे थे करार झाला आणि लगोलग निजाम सरकारनं वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर नाही असं ठरवलं. दिल्लीशी जे वाद चिघळले त्यात हा एक मोठा. पुढं १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई झाली, जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. लोकांना वाटलं आता चारमिनारचा रुपया उद्या रद्दीत. तसं झालं नाही. १९५० साली भारतीय रुपया आला खरा, पण हालीच्या शेजारी येऊन बसला. दर तोच, सातास सहा. हाली एका फटक्यात बंद केला नाही, टप्प्याटप्प्यानं काढून घेतला. १९६० उजाडेतो तो संपला होता. कुणाच्या घरातला रुपया रातोरात खोटा ठरला नाही.

तरी कुरकुर झालीच, आणि ती का झाली हे मला आजीच्या तोंडून कळलं. आजोबांचा पगार हालीत ७० होता, तो कागदावर ६० झाला. गणितानं पाहिलं तर एका पैचं नुकसान नाही. पण साठ ते साठच दिसतात. यापेक्षा खरं दुखणं भाजीवालीपाशी. गल्लीत अंबाडीची जुडी यायची एक आण्याला, हाली आणा. त्याचे कलदारात सव्वादहा पै होतात. भाजीवाली काय सव्वादहा पै घेणार? तिनं सांगितलं एक आणा, आता नवा आणा. दर आण्यामागं पावणेदोन पैची चाट! ‘बँकेत सातास सहा, आणि अंबाडीत आण्यास आणा,’ असं आजी पुढंही कित्येक वर्षं म्हणायची. तिला निजामाचं प्रेम होतं असं मुळीच नाही. रझाकारांच्या दिवसांत तिनं दोन लेकरं घेऊन सोलापूर गाठलं होतं. चारमिनारच्या जागी अशोकस्तंभ आला याचा तिला आनंदच झाला. पावणेदोन पै मात्र ती विसरली नाही.

बदलाला माणूस विरोध का करतो, यावर शहाण्या लोकांनी बरंच सांगितलंय. सवय, भीती, म्हातारपण, अज्ञान. असेलही. मी कारकुनी डोक्याचा माणूस आहे, मी बट्टा बघतो. जुनं देऊन नवं घेताना जो तुकडा मधे गळतो तो कुणाच्या खिशातून गेला, एवढंच विचारतो. मोठ्या रकमांचा दर कायद्यानं बांधला होता, म्हणून व्यापारी, सावकार, बँका कुणी हूं का चूं केलं नाही. सुट्या पैशांचा दर बाजारानं ठरवला, तिथं बोंब झाली.

म्हणून १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा सरकारनं फुटकळीचीही सोय आधी करून ठेवली, याचं मला कौतुक वाटतं. रुपयाचे शंभर नवे पैसे, म्हणजे आण्याचे सव्वासहा. सव्वा कुठून आणणार? तर कोष्टकच काढलं: एक आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. ते कोष्टक दुकानादुकानांत टांगलेलं होतं. वडील सांगायचे, तीन आण्यांच्या एकोणिसावरून दुकानदाराशी भांडायला गिऱ्हाइकाच्या हातात भिंतीवरचा कागद होता. कागद होता म्हणून भांडण मिटायचं. १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्दही गळला, नुसता पैसा राहिला, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

जिथं असा कागद भिंतीवर नव्हता तिथं काय झालं, तेही याच शहरात, याच वर्षांत दिसतं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, उर्दूतून उच्च शिक्षण देणारं. पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक, सगळं उर्दूतून. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं होतं. मराठवाड्यातली आपली मुलंही तिथं उर्दूतून शिकली. १९४८ नंतर थोड्याच काळात शिक्षणाची आणि कचेरीची भाषा इंग्रजी झाली. मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून अधिकारी आणि शिक्षक आले. त्यांच्यात आपलेही बरेच होते, पुण्या-नागपूरकडचे. त्यांनी मराठवाड्याला तोऱ्यात वागवल्याच्या गोष्टी मी खूप ऐकल्यात. उर्दू मुनशी, उर्दूत वकिली केलेला वकील, उर्दू माध्यमातला पदवीधर यांच्या ज्ञानाला सातास सहा असा कोणता दर दिला? शून्य. वीस वर्षं नस्ती लिहिणारा माणूस एका परिपत्रकानं अंगठेबहाद्दर झाला. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या तेव्हा जहागीरदारांना हप्त्याहप्त्यानं मोबदला तरी मिळाला. त्यांच्या पदरच्या कारकुनांचं कुणी विचारलं नाही.

मग १९५२ चा ऑगस्ट-सप्टेंबर आला. वरंगळकडून लोण हैदराबादेत पोचलं. ‘नॉन-मुलकी गो बॅक’, ‘इडली-सांबार गो बॅक’ अशा घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ३ आणि ४ सप्टेंबरला सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डींनी चौकशी केली. घोषणेतली इडली घेऊन आजही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. निजामानं १९१९ मध्ये घातलेल्या मुलकी नियमांनी पंधरा वर्षं राहिलेल्याला नोकरीत हक्क दिला होता. मुलं भांडत होती ती त्या नोकऱ्यांसाठी. सांबार कुणाच्या वाटेत आलं नव्हतं. सांगायचं म्हणजे, आज त्याच सिटी कॉलेजपासून कोठीपर्यंत चालत गेलात तर दर चौथ्या दुकानात इडली मिळते आणि ती खाणारा उर्दूतच बोलत असतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रात्रीत बंद झाल्या तेव्हा मी निवृत्त होतो. बँकेपुढची रांग बाहेरून बघितली. हाली काढून घ्यायला सरकारनं जवळपास दशक घेतलं, इथं चार तास. तुलना जुळणारी नाही हे मान्य. काळा पैसा पकडायचा तर दवंडी पिटून चालत नाही. पण भाजीवालीचं काय, हा प्रश्न दोन्ही वेळा तोच होता. आणि पुढल्याच एप्रिलच्या पहिल्या तारखेला, २०१७ साली, आमची बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. जुने सहकारी भेटले की अभिमान, वारसा, निजाम, गनफौंड्री असं बोलत. दोन कप चहा झाल्यावर खरा विषय निघे: ज्येष्ठता कशी धरणार, बदली कुठं, पेन्शनचं काय. म्हणजे पुन्हा दर काय, हेच.

काही ठिकाणी जुनं सरळ जिंकलंय. मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, हैदराबादेत प्लॉट आजही गजात विकला जातो, मग घेणारा अमेरिकेतून पैसे पाठवणारा संगणक अभियंता का असेना. महसुलात फसली ही जुनी कालगणनाही चालू आहे. गजाला कुणी हात लावत नाही, कारण त्यात कुणाचंच जात नाही.

उर्दूचं मात्र उलटं झालं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्र सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. समिती हैदराबादेत आली, निजामकाळचे दस्त बाहेर काढले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णयही निघाला. दस्त उर्दूत आणि मोडीत. माझ्या ओळखीच्या एका मराठवाडी गृहस्थांनी त्या दिवसांत आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन मला विचारलं, हे वाचणारं कुणी माहीत आहे का? मी त्यांना दारूशिफाजवळच्या एका वृद्ध अर्जनविसाकडे पाठवलं. त्यानं चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि आधी दर सांगितला: पानाला पाचशे.