मेणबत्ती, बरणी आणि चढणारे पाणी : वैज्ञानिक पद्धत म्हणजे नेमके काय?

बेळगाव : प्रतिनिधी

फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’, ‘वैज्ञानिक पद्धत’ हे शब्द या दिवसांत भाषणांतून भरपूर ऐकू येतात. पण ही पद्धत म्हणजे नेमके करायचे काय? प्रत्येक प्रदर्शनात हमखास दिसणारा एक साधा प्रयोग घेऊन ते पाहूया.

प्रयोग काय आहे?

ताटात थोडे पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि वरून काचेची बरणी उपडी ठेवायची. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि ताटातले पाणी बरणीत वर चढते. पाण्यात चिमूटभर कुंकू किंवा शाई टाकली तर लांबूनही स्पष्ट दिसते.

याचे ठरलेले उत्तर आपण सगळ्यांनी पाठ केले आहे : ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो, म्हणून पाणी एक-पंचमांश चढते.’ आमच्या शाळेत तर पाणी कितीही चढो, प्रयोगवहीत एक-पंचमांशच लिहायचे. कमी-जास्त लिहिले की लाल शेरा ठरलेला. त्यामुळे वही आधी भरायची आणि प्रयोग नंतर बघायचा, असा उलटा कारभार होता.

यंदा माझ्या आठवीतल्या पुतणीने हाच प्रयोग घेतला. घरी सराव करताना तिने विचारले, “काका, मेणबत्ती जळत असते तेव्हा पाणी फारसे हलत नाही. विझल्यावर एकदम चढते. असे का?” मी कॉमर्सवाला, मला लगेच उत्तर देता आले नाही. पण वैज्ञानिक पद्धत सुरू होते ती इथूनच.

पायरी पहिली : निरीक्षण आणि प्रश्न

जे दिसले ते आहे तसे लिहायचे. आम्ही पुन्हा नीट पाहिले तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. एक, पाणी मुख्यतः मेणबत्ती विझल्यानंतर चढते. दोन, बरणी ठेवताना काठाखालून हवेचे काही बुडबुडे बाहेर पडतात. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असेल, तर ते मेणबत्ती जळत असतानाच हळूहळू चढायला हवे होते. मग ते विझण्याची वाट का बघते?

पायरी दुसरी : तपासता येईल असा अंदाज

पुस्तकी भाषेत याला परिकल्पना म्हणतात. आमच्यासमोर दोन होत्या :

१. ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढते.

२. ज्योतीने बरणीतली हवा तापते, पसरते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

दोन्ही ऐकायला पटतात. म्हणून कुठली खरी ते मतदानाने किंवा कोणाच्या वयाने ठरत नाही. दोन्ही अंदाजांतून वेगवेगळे भाकीत निघेल अशी चाचणी शोधावी लागते.

पायरी तिसरी : एकच गोष्ट बदला

आम्ही एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या. बरणी तीच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. पहिला अंदाज बरोबर असेल तर पाणी तेवढेच चढायला हवे. दुसरा बरोबर असेल तर उष्णता जास्त, म्हणून पाणीही जास्त चढायला हवे.

इथे शिस्त महत्त्वाची. बरणी, पाण्याची पातळी, मेणबत्तीची उंची, पेटवल्यापासून बरणी ठेवेपर्यंतचा वेळ हे सगळे सारखे ठेवायचे. बदलायची ती फक्त मेणबत्त्यांची संख्या. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून मिलिमीटरच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक प्रयोग किमान तीनदा करायचा, कारण एका वेळचा आकडा योगायोगही असू शकतो. मोठ्या माणसाशिवाय आगीशी खेळ नको, ओढणी आणि मोकळे केस लांब ठेवावेत.

आमच्याकडे एका मेणबत्तीला पाणी साधारण दोन बोटे चढले, तिघींना जवळपास चार. बरणीनुसार तुमचे आकडे वेगळे येतील, पण कल हाच दिसेल.

पायरी चौथी : जळणच काढून टाका

मग आम्ही मेणबत्तीच बाजूला ठेवली. बरणीत गरम पाणी (उकळते नव्हे, काच तडकते) थोडा वेळ भरून ठेवले, ओतून टाकले आणि रिकामी बरणी लगेच ताटात उपडी केली. काहीच जळले नाही, ऑक्सिजन जागच्या जागी, तरी पाणी चढले!

मग ऑक्सिजनचे काय?

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, हे खरेच आहे. पण बंद बरणीतली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. तो सुमारे १६ टक्क्यांवर आला की ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफेचे पाणी होते, त्याने थोडी जागा रिकामी होते, पण मोठा वाटा हवेच्या तापण्या-निवण्याचा. पाणी कधी एक-पंचमांशाच्या आसपास चढले, तर तो योगायोग.

हिशेब ठेवणाऱ्यांना हे लवकर कळेल. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे नोंदी बरोबर असतातच असे नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज जुळते.

एक-पंचमांश खरोखर दाखवायचा असेल तर दुसरा मार्ग आहे. गंजणारी बारीक लोखंडी तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजवून बरणीच्या तळाशी घट्ट बसवायची, बरणी पाण्यात उपडी करून एक-दोन दिवस ठेवायची. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेते आणि पाणी सुमारे एक-पंचमांशापर्यंत चढते. इथे उष्णतेची भानगड नाही. स्टेनलेस स्टीलची घासणी मात्र चालणार नाही, ती गंजत नाही.

जुना प्रयोग, जुनी चूक

बायझँटियमच्या फिलोने इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात हा प्रयोग लिहून ठेवला आहे. ज्योत हवेचा काही भाग संपवते, असे त्यालाही वाटले होते. ज्वलनात हवेतल्या ऑक्सिजनची भूमिका काय, हे लाव्हाझियेने मोजमाप करून दाखवले ते थेट अठराव्या शतकात. तेव्हा चुकणे ही लाजेची बाब नाही. चुकीचे उत्तर तपासायलाच नकार देणे, ही अडचण आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते आले. अंगाऱ्याने आजार बरा करणारा असो, की एका पिशवीत दुप्पट पीक सांगणारा विक्रेता, त्याला विचारायचे प्रश्न हेच : शेजारच्या वाफ्यात ते न टाकता काय झाले? बाकी सगळे सारखे होते का? किती वेळा करून पाहिले?

पुतणीचा शेवटचा प्रश्न मात्र अवघड होता. “परीक्षकांनी ठरलेलेच उत्तर मागितले तर? मार्क जातील.” जातीलही. तिने तक्त्यावर दोन्ही अंदाज लिहिले आहेत, खाली तिन्ही वेळचे आकडे खाडाखोड न करता. सोबत तीन मेणबत्त्या नेणार आहे, आणि घासणीची बरणी दोन दिवस आधीच लावून ठेवणार आहे. शिक्षकांनी आणि परीक्षकांनी यंदा अशा मुलांना एवढेच म्हणावे : “बरं, करून दाखव.”