सांजोवेझे : चियांतीचं द्राक्ष अकलूजच्या माळावर

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतून मी बोलतोय. आजचा विषय एक इटालियन द्राक्ष. त्याची गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजपर्यंत येते, म्हणून ती आपलीही आहे.

या द्राक्षाचं नाव सांजोवेझे. 'ज्युपिटरचं रक्त' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ते आलं, असं मानतात. मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांताचं हे मुख्य काळं द्राक्ष. उशिरा पिकतं, आंबटपणा भरपूर आणि तुरटपणाही दमदार. चियांती ही वाइन मुख्यतः याचीच, आणि ब्रुनेल्लो तर निव्वळ याची.

आता इतिहास बघा. 1716 मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने चियांतीची हद्द ठरवून दिली. पुढे बेत्तीनो रिकासोली आला. हा एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान, आणि मोठा जमीनदारही. 1872 च्या एका पत्रात त्याने चियांतीची कृती मांडली : मुख्य सांजोवेझे, जोडीला कानायोलो, आणि थोडं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष. मात्र त्याने बजावलं होतं की वाइन मुरवून ठेवायची असेल, तर पांढरं द्राक्ष टाळलेलं बरं.

गंमत म्हणजे 1967 च्या सरकारी नियमात कृती राहिली आणि ही सूचना गळली. चियांतीत किमान 10 टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली, 30 टक्क्यांपर्यंत चालू लागली. वाइन पातळ होत गेली. तेव्हा आंतिनोरी घराण्याने 1971 च्या हंगामापासून आपली तिन्यानेल्लो ही वाइन चियांतीचं नाव न लावता, साधी 'टेबल वाइन' म्हणून काढली. पुढे तिच्यात सांजोवेझेबरोबर काबर्ने सोव्हिन्यों आलं, पांढरं द्राक्ष गेलं. लोकांनी ती डोक्यावर घेतली. अखेर नियमच बदलला : चियांती क्लासिकोत 1996 पासून निव्वळ सांजोवेझे चालू लागलं, 2006 पासून पांढरी द्राक्षं बंद झाली.

हीच जोडी, सांजोवेझे आणि काबर्ने, अकलूजमध्ये भेटते. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली कंपनी काढली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि मासी मिळून सात, म्हणून त्यांच्या प्रमुख वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात.

पण वेलाचं आयुष्य इथे पार वेगळं. तोस्कानात वेल थंडीत झोपतो आणि द्राक्षं शरद ऋतूत उतरतात. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोडणी पावसाळ्यापासून लांब, कोरड्या दिवसांत. म्हणजे पावसाची जी भीती तिकडे तोडणीला असते, ती इकडे बरीच टळते.

खरा धोका दुसराच आहे. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. बाजारात पाटीवर ठेवून ते खपत नाही. 2008 च्या मंदीनंतर महाराष्ट्रातल्या वाइन कंपन्यांची मागणी घसरली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. इटलीत वाइनला गावाचं नाव आहे. एक कंपनी बुडाली तरी चियांती हे नाव उरतं आणि त्या नावाला गिऱ्हाईक असतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एका कंपनीचा करारच असतो.

आता जेवणाचं. आंबट वाइनला आंबट पदार्थ सोसतो, म्हणून टोमॅटोच्या रश्श्याशी ही छान जमते. तुरटपणाला चरबी लागते, म्हणून सुकं मटण किंवा भाजलेलं पनीर घ्या. झणझणीत सावजी रस्सा नको, तिखटाने तुरटपणा आणि दारूची जळजळ दोन्ही वाढतात. आणि आमच्या जबलपूरची खव्याची जिलेबी हिच्याबरोबर मुळीच नको. गोडापुढे ही वाइन नुसती आंबट लागते.

बाटली विकत घेताना मागची चिठ्ठी जरूर वाचा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतंच. द्राक्ष कुठल्या गावचं, हे लिहिलंय का ते बघा. गिऱ्हाईक गावाचं नाव विचारू लागलं, तरच त्या गावच्या द्राक्षाला स्वतःची पत येईल.