जबडा, जीभ आणि मान

परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना-मंठा रस्त्यावरचे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, आणि बेशुद्ध माणसाचा श्वास कसा सांभाळावा याविषयीचा एकोणिसाव्या शतकातील एक मोठा वाद त्याच संस्थानाच्या राजधानीत लढला गेला. बेशुद्धावस्थेत स्नायू सैल पडतात आणि उताण्या माणसाची जीभ मागे सरकून घसा अडवते. घोरल्यासारखा आवाज हे अर्धवट अडथळ्याचे लक्षण असते, मार्ग पूर्ण बंद झाला की आवाजही थांबतो. हा धोका शल्यवैद्यांना प्रथम ठळकपणे जाणवला तो क्लोरोफॉर्मची भूल देताना.

एडिनबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य आणि हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवावी. हे तपासण्यासाठी हैदराबादेत नेमलेल्या १८८८ च्या पहिल्या क्लोरोफॉर्म आयोगाने त्यांचे मत उचलून धरले. त्यावर शंका घेतली गेली तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्च उचलला आणि १८८९ च्या दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला पाठवले. प्राण्यांवरील शेकडो प्रयोगांनंतर निघालेला, हृदयाआधी श्वासच थांबतो हा निष्कर्ष पूर्ण खरा नव्हता, कारण क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले. तरी श्वासाला दिलेले अग्रस्थान योग्यच होते, आणि लॉरींचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

मागे सरकलेल्या जिभेने अडलेला श्वासमार्ग मोकळा करण्यासाठी जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटे लावून तो पुढे उचलण्याची कृती याकोब हायबर्ग यांनी १८७४ मध्ये वर्णिली होती. जीभ जबड्याला जोडलेली असल्याने तीही पुढे येते. पुढे १९५० च्या दशकात पीटर सफार यांनी डोके मागे झुकवण्याची सोपी रीत रुजवली, पण अपघातात मानेचा मणका मोडला असेल तर त्या झुकावाने आतील मज्जारज्जूला इजा होण्याची भीती असते, म्हणून जखमींसाठी हायबर्ग यांचीच कृती पुन्हा पुढे आली. १९७६ मध्ये नेब्रास्कात विमान अपघातात सापडलेले अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांच्या अनुभवातून अपघातग्रस्तांच्या उपचारांचा जो अभ्यासक्रम उभा राहिला, त्याने श्वासमार्ग आणि मान यांना एकाच पहिल्या पायरीवर ठेवले: एकाने डोके, मान व धड सरळ रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरायचे आणि दुसऱ्याने तोंडातील रक्त, ओकारी काढून श्वास पाहायचा.

मानेच्या भीतीने श्वासाकडे दुर्लक्ष होणे हा मात्र या शिकवणीचा विपर्यास आहे. जबडा उचलूनही हवा आत जात नसेल, तर डोके हलकेच मागे झुकवावे असेच आजचे नियम सांगतात, कारण प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून डॉक्टर येतो, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्यामुळे रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत वाटूर फाट्यावर जखमीचे डोके स्थिर धरून त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या वाटसरूला पोलीस चौकशीच्या धाकाने मागे सरण्याचे कारण उरलेले नाही.